रत्नाकडे पाहायचं कसं? रंग आणि उजेड ओळखू लागण्याच्या काही पायऱ्या

दागिना हातात आला की नवशिक्याचा पहिला प्रश्न असतो, "हा कोणता खडा?" आणि दुसरा, "किती कॅरटचा?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या उत्तरांनी डोळा तयार होत नाही. सुरुवातीला प्रत्येक दागिन्याला एकच प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: यात उजेड कुठून शिरतो आणि कुठून बाहेर पडतो? पैलू, कोंदण, धातूची निवड, शेजारच्या खड्यांचा रंग, हे सगळं या प्रश्नामागोमाग उलगडत जातं.

कोहिनूरचंच बघा. १८५१ साली लंडनच्या 'ग्रेट एक्झिबिशन'मध्ये तो मांडला तेव्हा बघ्यांची झुंबड उडाली आणि बरेच जण हिरमुसून परतले. हिरा एवढा मोठा, पण चमकेना. गॅसचे दिवे लावून पाहिले, तरी लोकांचं समाधान होईना. पुढच्याच वर्षी त्याला नव्याने पैलू पाडले गेले आणि चाळीस टक्क्यांहून अधिक वजन गमावून तो १०५.६ कॅरटचा उरला. जुन्या पैलूंची घडण कायमची गेली, त्यामुळे हा सौदा शहाणपणाचा होता का यावर वाद घालता येईल. पण उजेडासाठी माणसं किती वजन सोडायला तयार होतात, हे त्यातून कळतं.

सामान फार लागत नाही. चकचकीत नसलेला पांढरा कागद, मऊ कापड, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक छोटी टॉर्च. मोबाइलची टॉर्चही चालते.

पायरी १: आधी पुसा, मग बघा

ही पायरी सगळेच गाळतात. वापरातल्या अंगठीच्या खड्यामागे बोटांचं तेल, साबण, क्रीम यांचा पातळ थर साचलेला असतो. वरून खडा स्वच्छ दिसतो, मात्र निस्तेज. कारण शाळेतल्या भौतिकशास्त्रातलंच आहे. खड्यात शिरलेला प्रकाश मागच्या पैलूंवर आपटून परत फिरतो ते पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे, आणि त्यासाठी पैलूच्या पलीकडे हवा असावी लागते. हवेच्या जागी तेल आलं की क्रांतिक कोन, म्हणजे ज्याहून तिरपा आपटला तर प्रकाश पूर्ण परत फिरतो तो कोन, बदलतो आणि जो प्रकाश तुमच्या डोळ्याकडे यायचा तो मागून निसटतो.

हिरा, माणिक, नीलम यांना कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरतो. काचेने किंवा तेलाने भेगा भरलेल्या खड्यांना मात्र हे लागू नाही, आणि माणकात काच भरलेली आढळते. मोती, पोवळं, ओपल, फिरोजा हे फक्त किंचित ओलसर कापडाने पुसायचे. पाचूच्या सूक्ष्म भेगांत बहुधा तेल भरलेलं असतं, म्हणून त्याला गरम पाणी आणि अल्ट्रासॉनिक यंत्र दोन्ही वर्ज्य. मागून पूर्ण बंद असलेला जुना दागिना पाण्यात बुडवू नका. का, ते पुढे कोंदणाच्या पायरीत येईल.

पायरी २: एकच खडा तीन उजेडांत

पहिला उजेड खिडकीचा. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीजवळ पांढऱ्या कागदावर खडा ठेवा. हा पसरलेला, सौम्य प्रकाश असतो. यात लखलखाट कमी होतो आणि खड्याचा अंगचा रंग दिसतो. रंग जोखायचा तर इथेच.

दुसरा पिवळ्या दिव्याचा. दुपारच्या नैसर्गिक प्रकाशाचं रंगतापमान साधारण ५,५०० ते ६,५०० केल्विन असतं, पिवळ्या बल्बचं २,७०० च्या आसपास आणि मेणबत्तीचं दोन हजारांच्याही खाली. तापमान जितकं कमी तितका प्रकाशात लाल-पिवळा भाग जास्त आणि निळा कमी. म्हणून पिवळ्या दिव्याखाली माणिक खुलतो आणि गडद नीलम काळवंडतो. दिवसा देखणा दिसलेला नीलम संध्याकाळी शाईच्या थेंबासारखा दिसला तर दोष नजरेचा नाही. परत फेकायला पुरेसा निळा प्रकाशच त्याला मिळालेला नसतो. स्वस्त एलईडी दिव्यांची अडचण उलटी: त्यांतल्या अनेकांत लाल भाग तोकडा असतो, आणि तिथे बिचारा माणिक मरगळतो.

तिसरा टॉर्चचा, म्हणजे एका बिंदूतून येणारा. ठिणग्या, इंद्रधनुषी झळक, ताऱ्याची रेषा यांसाठी असाच उजेड लागतो. प्रदर्शनाच्या कपाटांत छतापासून बारीक दिवे रोखलेले असतात ते याचसाठी. त्या दिव्यांखाली जवळजवळ कोणताही पैलूदार खडा चमकतो, तेव्हा तेवढ्यावर मत बनवू नये.

उजेडानुसार रंग बदलण्याची परमावधी ॲलेक्झांड्राइटमध्ये दिसते. रशियाच्या उरल पर्वतात १८३० च्या दशकात सापडलेलं हे क्रायसोबेरिल कुळातलं रत्न. त्यातलं क्रोमियम पिवळा भाग शोषून घेतं आणि हिरवा व लाल हे दोन्ही वाट मोकळी असल्यासारखे बाहेर पडतात. मग प्रकाशात ज्याचं पारडं जड, तो रंग जिंकतो: दिवसा हिरवा, मेणबत्तीपुढे लाल. चांगला नमुना बघायची संधी मिळाली तर दोन्ही उजेडांचा हट्ट धरा. एका उजेडात बघितलेला ॲलेक्झांड्राइट अर्धाच बघितला असं समजायचं.

आणखी एक बारीक गोष्ट. खड्यावर फार वाकू नका. तुमचं डोकंच उजेड अडवतं आणि खड्यात काळं प्रतिबिंब दिसतं. हातभर अंतरावरून सुरुवात करा, भिंग नंतर.

पायरी ३: रंगाचे तीन भाग पाडा

"मस्त निळा" हे कौतुक झालं, निरीक्षण नाही. रत्नतज्ज्ञ रंगाचं वर्णन तीन अंगांनी करतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अल्बर्ट मन्सेल या अमेरिकी चित्रकार-शिक्षकाने रंगाची जी त्रिमितीय मांडणी केली, तिच्याशी या पद्धतीचं जवळचं नातं आहे.

पहिलं अंग रंगछटा. निळा म्हणजे नुसता निळा, की हिरवट निळा, की जांभळट निळा? पाचूच्या हिरव्यात निळसर झाक आहे की पिवळसर? ही झाक ओळखायची सोपी युक्ती म्हणजे तुलना. एकटा खडा बघून झाक सांगता येत नाही, त्याच जातीचे दोन शेजारी ठेवले की लगेच कळते.

दुसरं गडदपणा. रंगहीनापासून काळ्यापर्यंतच्या पट्टीवर खडा कुठे बसतो? नवशिक्यांचा समज असतो की जितका गडद तितका उंची. तसं नाही. प्रत्येक रंग वेगळ्या गडदपणावर फुलतो. पिवळा फिक्या पायरीवरच सर्वांत तेजस्वी असतो, तो गडद केला की तपकिरी होतो. निळा आणि जांभळा बऱ्याच गडद पायरीवर खुलतात. लाल त्यांच्यामध्ये कुठेतरी, फिका झाला की त्याला गुलाबी म्हणावं लागतं. म्हणून पुष्कराज आणि नीलम यांना एकाच मापाने मोजू नका.

तिसरं अंग रंगाची ताकद, आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं. रंग किती निखळ आहे आणि त्यात किती मळकटपणा मिसळलाय? उबदार रंगांत, म्हणजे लाल, केशरी, पिवळ्यात, हा मळकटपणा तपकिरी बनून येतो. थंड रंगांत, निळ्या-हिरव्यात, तो राखाडी बनून येतो. ही राखाडी झाक पकडता येऊ लागली की निम्मी परीक्षा पास. सरावासाठी एक निळा खडा पांढऱ्या कागदावर ठेवा आणि स्वतःला विचारा: निळा हा शब्द काढून टाकला तर याला राखाडी म्हणता येईल का? उत्तर "हो" असेल तर ताकद कमी.

डोळ्यालाही विश्रांती द्या. लाल खड्याकडे बराच वेळ टक लावली की डोळा लालाला सरावतो आणि पुढचा प्रत्येक लाल फिका वाटू लागतो. अधूनमधून नजर कोऱ्या कागदावर न्या.

रंग येतो कुठून, हे थोडं माहीत असलं की बघण्यात गंमत वाढते. कोरंडम हे खनिज शुद्ध असेल तर रंगहीन असतं. त्यात क्रोमियम आलं की माणिक, लोह आणि टायटॅनियमची जोडी आली की निळा नीलम. तेच क्रोमियम बेरिल या दुसऱ्या खनिजात शिरलं की पाचूचा हिरवा देतं. मूलद्रव्य एकच, घर बदललं की रंग बदलला. माणकातलं क्रोमियम आणखी एक करामत करतं: उन्हातली अतिनील किरणं आणि काही दृश्य प्रकाश शोषून स्वतःच लाल प्रकाश सोडतं. खडा आतून पेटल्यासारखा वाटतो तो त्यामुळे. लोहाचं प्रमाण जास्त असेल तर ही प्रदीप्ती दबते. म्यानमारच्या मोगोकमधल्या माणकांत लोह कमी, म्हणून त्यांची ख्याती.

एक सावधगिरी. रंगावरून जात ओळखायच्या फंदात पडू नका. ब्रिटनच्या राजमुकुटातला 'ब्लॅक प्रिन्सचा माणिक' हा माणिक नाहीच, स्पिनेल नावाचं वेगळंच रत्न आहे. शतकानुशतकं जाणत्यांचाही गोंधळ झाला, तिथे तुमची-आमची काय कथा. जात ठरवणं प्रयोगशाळेवर सोडा आणि तुम्ही रंग बघा.

पायरी ४: खडा फिरवा, उलटा करा

काही स्फटिकांत दिशा बदलली की रंग बदलतो. याला बहुवर्णता म्हणतात. आयोलाइट एका बाजूने जांभळट निळा, दुसरीकडून जवळजवळ पाण्यासारखा. टांझानियात १९६७ मध्ये सापडलेला टांझानाइट एका दिशेने निळा, दुसऱ्या दिशेने जांभळा. पैलू पाडणाऱ्याने कच्चा दगड कोणत्या दिशेने धरला, यावर समोरून कोणता रंग दिसेल ते ठरतं. बऱ्याचदा सर्वांत चांगल्या रंगाची दिशा धरली तर वजन जास्त जातं, आणि तिथे कारागिराची परीक्षा होते. टूर्मलीन लांबीच्या दिशेने बघितला तर अनेकदा काळपट दिसतो, म्हणून त्याचे खडे बहुधा लांबट पाडलेले आढळतात.

मग खडा पालथा करून कागदावर ठेवा आणि मागून बघा. रंग सगळीकडे सारखा आहे का? नीलमात पुष्कळदा रंगाचे सरळ पट्टे असतात. कधी कधी जवळजवळ सगळा खडा फिका असतो आणि तळाच्या टोकाशी तेवढा निळा ठिपका असतो. पैलूंनी तो ठिपका असा परावर्तित केलेला असतो की समोरून अख्खा खडा निळा भासतो. याला कुणी चलाखी म्हणेल, मला ती कारागिरी वाटते.

पायरी ५: मधोमध खिडकी आहे का?

ही पायरी समजली की बाकी सगळं सोपं. छापील मजकुरावर खडा सरळ ठेवा आणि वरून बघा. मधोमध अक्षरं वाचता येतात का? येत असतील तर तिथून प्रकाश परत न फिरता सरळ आरपार जातोय. याला खिडकी म्हणतात. खिडकीच्या जागी रंग विरतो, कडेला तेवढा उरतो. नमुना चांगला असेल तर पूर्ण चेहऱ्यावर उजळ आणि गडद तुकड्यांची नक्षी दिसते, आणि खडा हलवला की तुकडे जागा बदलतात.

खिडकी का पडते? प्रत्येक रत्नाचा क्रांतिक कोन वेगळा. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे खडा प्रकाश किती वाकवतो याचं माप, २.४२, म्हणून क्रांतिक कोन जेमतेम २४.४ अंश. प्रकाश त्यात एकदा शिरला की सहजी सुटत नाही. कोरंडमचा कोन सुमारे ३४.५ अंश, क्वार्ट्झचा सुमारे ४० अंश, आणि ॲमेथिस्ट हे क्वार्ट्झच. म्हणजे जांभळ्या ॲमेथिस्टचा खालचा भाग हिऱ्याच्या कोनांनी पाडला तर तो गळका होणार, त्याला अधिक उभे कोन हवेत. मार्सेल टोल्कोव्स्कीने १९१९ मध्ये गोल हिऱ्यासाठी गणित मांडलं: वरच्या भागाचा कोन ३४.५ अंश, खालच्या भागाचा ४०.७५ अंश आणि वरचा सपाट पैलू, ज्याला टेबल म्हणतात, तो रुंदीच्या ५३ टक्के. आजच्या गोल ब्रिलियंट हिऱ्याच्या मुळाशी हीच आकडेमोड आहे.

खिडकीच्या उलट दोष म्हणजे काळे डाग. खडा फार खोल असला की काही प्रकाश डोळ्याकडे न येता बाजूला निघून जातो आणि तिथे अंधार दिसतो. थोडा अंधार हवाच, त्याशिवाय उजळ तुकडे उठून दिसत नाहीत. पण खडा हलवूनही डाग जागचे हलेनात, तर पाडणाऱ्याने वजन वाचवायला खोली ठेवलीय असं समजा. कोणताही खडा पुरेसा तिरपा केला की खिडकी दिसतेच, तेव्हा निवाडा सरळ बघून आणि थोडंसं डोलवून करायचा.

चमक हा शब्दही आता तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरता येईल. परत येणारा पांढरा उजेड एक. हालचालीबरोबर लुकलुकणाऱ्या ठिणग्या दोन. आणि प्रकाशाच्या अपस्करणाने पडणारी सप्तरंगी झळक तीन. हिऱ्याचं अपस्करण ०.०४४, नीलम-माणकाचं ०.०१८, म्हणून नीलमात इंद्रधनुष्य शोधत बसू नका. डिमँटॉइड या हिरव्या गार्नेटचं ०.०५७, हिऱ्यापेक्षाही जास्त. पण त्याच्या गडद हिरव्यात ती झळक झाकली जाते, फिक्या नमुन्यांत खुलते. रंग आणि झळक एकाच खड्यात पुरेपूर मिळणं कठीण, एकाला मान दिला की दुसरा मागे सरतो. आणि जास्त झळक म्हणजे जास्त अस्सल हाही गैरसमज काढून टाका. मॉयसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या वेगळ्याच खड्याचं अपस्करण हिऱ्याच्या दुपटीहून अधिक आहे.

पैलूंची ठेवण बदलली की स्वभाव बदलतो. ब्रिलियंट घाट ठिणग्या उडवतो. एमराल्ड कटसारखे पायऱ्यापायऱ्यांचे लांब पैलू रुंद, शांत झोत परत पाठवतात. त्यांत रंगाची खोली दिसते, पण आतला प्रत्येक डागही उघडा पडतो. जर्मन कारागीर बेर्न्ड मुन्श्टाइनरने तर पैलूंची चाकोरीच सोडली आणि खड्याच्या मागच्या बाजूला खोल खाचा कोरून आत उजेडाची शिल्पं उभी केली. त्याचा 'डोम पेद्रो' हा १०,३६३ कॅरटचा ॲक्वामरीन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. निव्वळ प्रकाशासाठी दगड कसा हाताळता येतो हे बघायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पायरी ६: पैलू नसलेले खडे

गुळगुळीत घुमटाकार घोटलेल्या खड्याला कॅबोशॉन म्हणतात. अपारदर्शक दगड आणि ज्यांच्या आत एखादी विशेष प्रकाशलीला चालते असे दगड अशा घाटात ठेवतात. इथे तुमची टॉर्च कामाला येते.

ओपलमध्ये सिलिकाचे सूक्ष्म गोळे ओळीने रचलेले असतात, साधारण १५० ते ३०० नॅनोमीटर व्यासाचे. प्रकाश त्यांच्या रांगांतून जाताना रंगांत फुटतो. लहान गोळ्यांतून निळा-जांभळा मिळतो, लालासाठी मोठे गोळे सारख्या रचनेत लागतात, म्हणून लाल झळकणारा ओपल दुर्मीळ. ओपल एका जागी ठेवून बघू नका, सर्व दिशांनी फिरवा. एकाच कोनातून सुंदर दिसणारे आणि बाकी कोनांतून मुके होणारे ओपल पुष्कळ असतात. मूनस्टोनमध्ये दोन फेल्डस्पार खनिजांचे पातळ थर एकाआड एक असतात आणि त्यांतून निळसर प्रकाश पृष्ठभागावर तरंगताना दिसतो. तारांकित नीलमात रुटाइलच्या सुया तीन दिशांना आखलेल्या असतात, म्हणून सहा किरणांचा तारा. पसरलेल्या उजेडात तो नाहीसा होतो. टॉर्च लावा आणि सरकवा, तारा उजेडाबरोबर सरकला पाहिजे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधला 'स्टार ऑफ इंडिया' ५६३ कॅरटचा आहे. लसण्याचं, म्हणजे 'कॅट्स आय'चं, तंत्र तेच, सुया मात्र एकाच दिशेला, म्हणून एकच रेषा.

मोत्याला ना पैलू ना घोटणं. मोत्यावर खिडकीचं किंवा दिव्याचं प्रतिबिंब बघा. कडा रेखीव असतील तर तेज उत्तम, धुरकट असतील तर सामान्य. मोत्याचा आकार आणि गोलाई यांवर लोक फार बोलतात, मी तेजाला वरचा नंबर देईन.

पायरी ७: कोंदण उजेडाचं काय करतं?

आता खड्यावरून दागिन्यावर या. दागिना पालथा करा. मागची बाजू उघडी आहे की बंद?

प्राँगमध्ये, म्हणजे धातूच्या बारीक पकडींत, बसवलेल्या खड्याला कडेने भरपूर उजेड मिळतो. कडेला धातूची सलग पट्टी असेल, ज्याला बेझल म्हणतात, तर कडेचा उजेड कमी होतो पण खड्याची बाह्यरेषा ठसठशीत होते. फिका खडा बेझलमध्ये थोडा गडद वाटतो आणि ते कधी कधी हवंच असतं. उलट आधीच गडद असलेल्या गार्नेटला बंद कोंदणात टाकणं म्हणजे विहिरीत टाकणं.

जुन्या कारागिरांनी बंद कोंदणाचाही फायदा करून घेतला. अठराव्या शतकातल्या युरोपीय दागिन्यांत खड्यामागे चकचकीत, कधी रंगीत, धातूचा पातळ पापुद्रा ठेवलेला असे. पैलूंची भूमिती तेव्हा आजच्याइतकी नेमकी नव्हती. निसटणारा उजेड तो पापुद्रा परत पाठवी आणि वर थोडा रंगही चढवी. मेणबत्तीच्या उजेडात बघायचे दागिने होते ते, आजच्या पांढऱ्या झोतात त्यांचा न्याय करू नये. आत पाणी गेलं की पापुद्रा काळा पडतो, म्हणून मघाशी न बुडवण्याची सूचना केली.

धातूचा रंग खड्यात झिरपतो. किंचित पिवळसर हिरा प्लॅटिनममध्ये पिवळा भासतो, सोन्यात मात्र पांढरा वाटतो, कारण आजूबाजूला त्याहून पिवळं असतं. पूर्ण रंगहीन हिऱ्याचं उलट: पिवळ्या प्राँगचं प्रतिबिंब त्याच्या पैलूंत दिसतं. पॅरिसमध्ये १९७८ पासून 'जार' या नावाने काम करणाऱ्या जोएल आर्थर रोझेन्थालने धातू काळा करून त्यावर बारीक खडे दाटीने बसवले. काळा धातू नजरेआड होतो आणि रंग तेवढे उरतात. धातू पूर्णच लपवायचा प्रयत्न १९३३ मध्ये 'व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स'ने पेटंट घेतलेल्या 'मिस्टरी सेटिंग'मध्ये दिसतो: माणकांच्या कडेला खाच पाडून ते सोन्याच्या रुळांवर सरकवलेले, वरून धातूचा टिपूसही दिसत नाही. मखमलीचा सलग लाल पट्टा. भिंगातून बघा, खड्यांचे रंग एकमेकांशी किती काटेकोर जुळवलेत ते कळेल. माझ्या लेखी खरं कौशल्य त्या जुळवणीत आहे.

पायरी ८: शेजार

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं, बनवणाऱ्या एका कारखान्यात रंगविभाग सांभाळत होता. रंगाबद्दलच्या तक्रारींचा छडा लावताना त्याच्या लक्षात आलं की रंग पक्का असतो, शेजारच्या धाग्यामुळे तो वेगळा दिसतो. १८३९ मध्ये त्याने हे नियम पुस्तकरूपाने मांडले आणि दागिन्यांना ते जसेच्या तसे लागू पडतात. मध्यम निळ्या खड्याभोवती रंगहीन हिऱ्यांचं कडं केलं की निळा गडद आणि मोठा भासतो. तोच खडा काळ्या पार्श्वभूमीवर फिका वाटतो. लालाशेजारी हिरवा ठेवला की दोघंही चढतात.

घरी करून बघा: रंगीत कागदांचे चौकोन कापा, मधे बारीक भोक पाडा आणि एकच खडा त्या भोकातून वेगवेगळ्या रंगांवर बघा. पंधरा मिनिटांचा खेळ आहे.

कार्टिएच्या 'टुटी फ्रुटी' दागिन्यांत, विशेषतः १९२० आणि ३० च्या दशकांतल्या, कोरलेले माणिक, पाचू आणि नीलम एकत्र गुंफलेले दिसतात. कागदावर हा बेत भडक वाटेल. तो सावरला जातो याची दोन कारणं मला दिसतात. खडे पैलूदार नसून पानाफुलांच्या आकारात कोरलेले आहेत, त्यामुळे त्यांचा उजेड मऊ आहे. आणि लखलखायचं काम फक्त मधल्या हिऱ्यांकडे दिलंय. सगळेच खडे पैलूदार असते तर डोळा कुठेच ठरला नसता. तुम्ही कोणताही बहुरंगी दागिना बघताना हेच शोधा: लखलखाट कुणाकडे दिलाय आणि रंग कुणाकडे?

पायरी ९: पडद्यावरचे खडे

फोटोवरून रंग ठरवू नका. कॅमेरा पांढऱ्याचा तोल स्वतःच्या मर्जीने साधतो, आणि तुमचा पडदा त्यावर आपला थर चढवतो. पाचूचा निळसर हिरवा आणि माणकाची प्रदीप्ती या दोन्ही गोष्टी कॅमेऱ्यात हमखास बिघडतात. घ्यायचा विचार असेल तर व्हिडिओ मागा: एक खिडकीच्या उजेडात, एक पिवळ्या दिव्याखाली, खडा बोटांमध्ये धरून सावकाश फिरवलेला, शेजारी पांढरा कागद. फिरत्या तबकडीवर झगझगीत दिव्यांखाली काढलेल्या व्हिडिओत खिडकी दिसत नाही.

पायरी १०: अंगावर

अंगठी घालणाऱ्याला हातभर अंतरावरून आणि दिवसभर दिसते, म्हणून तिच्यात रंगाची खोली, आतल्या खुणा, बारीक पैलू यांना अर्थ असतो. कानातले घालणाऱ्याला दिसतच नाहीत. ते समोरच्यासाठी असतात, बोलण्याच्या अंतरावरून, आणि सतत हलतात, तेव्हा तिथे ठिणग्या महत्त्वाच्या. गळ्यातलं पदक कपड्यावर किंवा त्वचेवर टेकतं, मागून उजेड मिळत नाही, म्हणून पदकाच्या खड्याला खिडकी असेल तर मागचा कपडा त्यातून दिसतो. घेण्याआधी तो खडा ज्या रंगाच्या कपड्यांवर घालायचा असेल त्या कपड्यावर ठेवूनच बघा. ब्रोचला जागा जास्त आणि हालचाल कमी, त्यामुळे रंगांच्या जुळवणीचे धाडसी प्रयोग तिथे जास्त सापडतात.

दागिना घालून आरशासमोर उभे राहा आणि चार पावलं मागे जा. जवळून दिसलेल्यापैकी काय उरतं ते बघा. मग दिवा बदला आणि पुन्हा बघा.